खालच्या पट्टीत

नाकातून घातलेली बारीक नळी घशापर्यंत गेली आणि समोरच्या पडद्यावर माझेच स्वरतंतू दिसायला लागले. दोन पांढरट पट्ट्या. श्वास घेतला की उघडायच्या, 'ई' म्हटलं की मिटायच्या. पण नीट मिटत नव्हत्या. मधोमध, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे होते. ते एकमेकांना टेकले की वर आणि खाली फट राहत होती. त्या फटीतून हवा सुटते म्हणून आवाज घोगरा येतो आणि वरचा सूर लागतच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चप्पल लागून लागून पायाला घट्टा पडतो, तशाच या गाठी. वर्षानुवर्षं आवाज ताणला की होतात. ऑपरेशन लगेच नको, आधी आवाजाचे व्यायाम करू, असं ठरलं.

आवाज कुठे ताणला गेला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मनमाडला आमच्या आप्पांची गायन पार्टी होती. ते रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला. संध्याकाळी हात धुतले की पेटी पुढ्यात. मोठा भाऊ ढोलकीवर, चुलते खंजिरीवर, बहिणी आणि शेजारची मुलं कोरसला. चौदा एप्रिलच्या आसपास पंधरा-वीस दिवस आम्ही रोज कुठल्या ना कुठल्या वस्तीत गायचो. वामनदादा कर्डक ज्या जिल्ह्यात जन्मले त्या जिल्ह्यात भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्यांना तोटा नव्हता. रात्री दहाला सुरू झालेला कार्यक्रम पहाटेपर्यंत चालायचा.

माझा आवाज लहानपणापासून जाड. पडद्यामागून गायले तर लोक विचारायचे, कोण पोरगा गातोय? बाईने गायचं तर वर गायचं, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. म्हणून माझ्यासाठी पेटी काळी चारवर लागायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा, आणि दोन पार्ट्यांचा मुकाबला असला तर त्याहून वर, काळी पाचवर. वरचा सा मी घशाच्या जोरावर काढायची. लोक टाळ्या द्यायचे, नोटा लावायचे. सकाळी आवाज बसलेला असायचा. हळद-दूध घेऊन दुपारपर्यंत गप्प बसायचं आणि रात्री पुन्हा उभं राहायचं. लग्नानंतर अमेरिकेत आल्यावरही जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला मी त्याच पट्टीत गात राहिले. आप्पा २०१६ साली गेले. त्यानंतर तर मी जास्तच जोर लावायला लागले. कशासाठी, ते आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

व्यायाम शिकवायला ज्या बाई होत्या त्या स्वतः चर्चमध्ये गाणाऱ्या. कृष्णवर्णीय, साठीच्या, बोलण्यातही सूर. पहिले दोन आठवडे त्यांनी मला गाऊच दिलं नाही. पेल्यात दोन बोटं पाणी, त्यात शीतपेयाची नळी, आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा. नळीत अडलेली हवा उलट दाब देते, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके टेकतात. मग ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात हाका मारायच्या नाहीत. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, माझा आवाज जाड आहे, तो वर नेला नाही तर कुणी ऐकणार नाही. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. मॅव्हिस स्टेपल्स. म्हणाल्या, घरी जाऊन आधी १९५६ ची रेकॉर्ड ऐक, आणि मग अलीकडचं काहीही ऐक.

त्या रात्री कानात इअरफोन घालून मी ती रेकॉर्ड ऐकली. मागे गिटारचा थरथरणारा आवाज, पाण्यावर उजेड हलावा तसा. चार-पाच माणसांचा कोरस. आणि मग एकटा आवाज आला, इतका खोल की मी इअरफोन काढून पुन्हा नाव वाचलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. हा आवाज एका लहानशा मुलीचा आहे यावर लोक विश्वास ठेवायचे नाहीत, पैजा लावायचे, आणि ती प्रत्यक्ष उभी राहिली की हरायचे, हे मी नंतर वाचलं. वाचता वाचता मला पडद्यामागची ती मुलगी आठवली, जिला लोक पोरगा समजायचे. फरक एवढाच, की मॅव्हिसच्या बापाने तो आवाज वर ओढला नाही. होता तिथेच ठेवला आणि बाकीच्यांचे सूर त्याच्याभोवती बसवले.

मग मी या घराच्या मागेच लागले. बाप रोबक स्टेपल्स, सगळे त्यांना पॉप्स म्हणायचे. जन्म १९१४, मिसिसिपीतला. कापसाच्या मळ्यावर वाढले, तिथेच चार्ली पॅटनसारख्या ब्लूजवाल्यांची गिटार कानावर पडली. पुढे कुटुंब घेऊन शिकागोला आले आणि खाटिकखान्यात, कारखान्यात राबले. एका भजनी ताफ्यात गायचे, पण साथीदार तालमीला वेळेवर येईनात. तेव्हा वैतागून त्यांनी गहाणवट्याच्या दुकानातून एक जुनी गिटार आणली आणि आपल्याच पोरांना जमिनीवर गोल बसवून सूर वाटून दिले. १९४८ साली पोरं पहिल्यांदा चर्चमध्ये गायली. १९३९ साली जन्मलेली मॅव्हिस त्यांतली धाकटी. आधी मोठा भाऊ पर्विस वरच्या सुरात मुख्य गायचा. वयात येताना त्याचा आवाज फुटला आणि मुख्य गाणं मॅव्हिसकडे आलं.

साथीदार वेळेवर येत नाहीत म्हणून पोरांना बसवलं, हे वाचलं तेव्हा मी भावाला मनमाडला फोन लावला. आमची पार्टी अशीच उभी राहिली होती. पेटीवाला दारू पिऊन झोपायचा म्हणून आप्पा स्वतः पेटी शिकले, ढोलकीवाला पळाला म्हणून भावाला बसवलं. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्यांचं गाणं पाठव ना मला."

मॅव्हिसच्या लहानपणीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. काही काळ तिला मिसिसिपीत आजीकडे ठेवलं होतं. शाळेच्या कार्यक्रमात तिने त्या वेळचं एक लोकप्रिय प्रेमगीत म्हटलं. घरी आल्यावर आजीने छडीने झोडपलं. या घरात देवाची गाणी गायची, ब्लूज नाही. चर्चचं गाणं आणि बाजारातलं गाणं यांच्यामधली ही भिंत तेव्हा फार उंच होती. सोल म्हणतात ते संगीत ही भिंत ओलांडूनच आलं. आवाज चर्चचा, टाळी चर्चची, हाक आणि उत्तर चर्चचं, शब्द मात्र रोजच्या जगण्यातले. स्टेपल्स घराण्याने या ओलांडण्यात एक वेगळी वाट काढली. ते प्रेमगीतांकडे फारसे गेलेच नाहीत. ते गेले माणसाच्या हक्काकडे.

मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकून पॉप्स हॉटेलवर परत आले आणि मुलांना खोलीत बोलावून म्हणाले, हा माणूस जे सांगतो ते सांगता येत असेल तर गाताही येईल. त्याआधी १९५७ साली लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना दारातच अडवलं होतं. त्यावरचं पॉप्सचं गाणं किंग यांचं फार आवडतं होतं, ते प्रत्येक सभेआधी मागून घ्यायचे. १९६५ साली सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा निघाला, ५४ मैलांचा. त्यावरही पॉप्सनी गाणं बांधलं आणि त्याच वर्षी शिकागोच्या एका चर्चमध्ये भरल्या लोकांसमोर ते ध्वनिमुद्रित झालं. ऐकलंत तर कळेल, मागे लोकांचे पाय वाजताहेत.

हे मला परकं वाटलंच नाही. महाडच्या तळ्यावरची गाणी ऐकत मी मोठी झाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलेलं. आप्पा तेव्हा विशीत होते. त्याच वर्षी अमेरिकेत स्टेपल्स कुटुंबाचं गाणं देशभर पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या त्यांच्या गाण्यात तर एकच सांगणं होतं, स्वतःचा मान राख. आप्पांच्या निम्म्या गाण्यांत हेच होतं, 'स्वाभिमान' या एका शब्दात.

क्रमांक एकवर गेलेलं ते गाणं मी पेटीवर बसवून पाहिलं. मूळ रेकॉर्ड पांढरी एकमध्ये आहे आणि आलटून पालटून दोनच कॉर्ड. सा आणि मध्यम, बस. कडवं म्हणावं असं जेमतेम एकच, बाकी सगळी हाक आणि उत्तर. ते लिहिलं अल बेल यांनी, मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचे कर्ते. त्यांच्या भावाचा खून झाला होता. भावाला माती देऊन आल्यावर वडिलांच्या अंगणात पडलेल्या एका जुन्या बसवर बसले असताना त्यांना ते सुचलं. ध्वनिमुद्रण झालं अलाबामातल्या मसल शोल्समध्ये, आणि वाजवणारे बहुतेक गोरे वादक. गाण्याच्या मधोमध मॅव्हिस बापाला हाक मारते, वाजवा म्हणते, आणि गिटार सुरू होते. ती गिटार खरं तर एडी हिंटन नावाच्या वादकाची आहे. पण तिच्या तोंडून हाक आली ती बापाच्याच नावाने. ती जागा मी किती वेळा ऐकली असेल सांगता येणार नाही.

व्यायामांना चार महिने झाले होते. नळी, फुरफुर, मग खालच्या सुरात गुणगुणणं. बोलताना घसा दुखायचा थांबला होता, पण गायला मी धजत नव्हते. अशात कळलं की आमच्या घरापासून दीड तासावरच्या एका जुन्या नाट्यगृहात मॅव्हिसचा कार्यक्रम आहे. तिने ऐंशी ओलांडली होती. मी एकच तिकीट काढलं. नवरा यायला तयार होता, पण मला एकटीनेच जायचं होतं.

नाट्यगृहात माझ्या डावीकडे एक म्हातारं जोडपं होतं, उजवीकडे वीस-बावीसचा मुलगा. मंचावर फार काही नव्हतं. एक गिटार, एक बास, ड्रम, मागे दोन माइक कोरसला. पियानो नाही, ऑर्गन नाही. आधी वादक आले. गिटारची पहिली तार वाजली आणि मी ताठ बसले. तीच थरथर, पॉप्सची. ते २००० साली गेले, पण त्यांचा आवाज मंचावर हजर होता.

मग ती आली. बुटकी, हसरी, दोन्ही हात पसरून, एका बाजूने कुणीतरी धरलेलं. माइकच्या दांड्यापाशी पोचल्यावर तिने तो मुठीत पकडला, बसमधला दांडा पकडावा तसा. म्हणाली, आम्ही तुमच्यासाठी आनंद घेऊन आलोय, उमेद घेऊन आलोय. बोलतानाच आवाज खरखरीत होता. मला धडकी भरली. ही गाणार कशी?

पहिल्या दोन गाण्यांत मी गायिका म्हणून ऐकत होते, मोजत होते. वरची ओळ आली की ती ओळ मागच्या दोघांकडे जायची आणि मॅव्हिस खाली राहायची. लांब सूर ती धरतच नव्हती. शब्द टाकायची, तोही तालाच्या किंचित मागे, आणि सोडून द्यायची. मध्ये मोकळी जागा. त्या जागेत श्वास, तोही लपवलेला नाही, माइकमधून स्पष्ट ऐकू येणारा. कधी फक्त हुंकार. कधी गाता गाता सरळ बोलणं, आणि बोलता बोलता पुन्हा सूर, सांधा कळणारही नाही असा. घशावर जोर कुठेही नाही. मधूनच एखाद्या शब्दावर ती गुरगुरायची, पण त्याला खालून पोटाचा दम होता, मानेच्या शिरा ताणलेल्या नव्हत्या. मी मुद्दाम मानेकडेच बघत होते.

तिसऱ्या गाण्यानंतर माझं मोजणं थांबलं.

मोर्चाचं गाणं सुरू झालं तेव्हा ती मधेच थांबली आणि सांगू लागली. त्या रस्त्यावर मी किंगसाहेबांच्या चळवळीबरोबर होते, आणि मी अजून त्याच रस्त्यावर आहे. हे सांगताना ती उजवा पाय आपटत होती, गाण्याच्या चालीतच. शेजारचे आजोबा उभे राहिले. त्यांची बायको त्यांचा सदरा मागून ओढत होती, बसा म्हणून. ते बसले नाहीत. मग तीही उभी राहिली.

थोड्या वेळाने मॅव्हिस बाजूच्या खुर्चीवर बसली आणि वादकांनी नुसतंच वाजवलं. ती टॉवेलने मान पुसत, पाण्याचे छोटे घोट घेत त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. गाणाऱ्याने मंचावर सगळ्यांसमोर बसून दम घ्यावा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे मी कधी बसले नाही. बसलं की समोरची पार्टी म्हणणार, दमली.

बाप गेल्यावर ही बाई गायचीच थांबली होती. आयुष्यभर त्या गिटारच्या शेजारी उभी राहिलेली. बहीण इव्होनने तिला उठवलं, बापाला तू गायलेली हवी होतीस म्हणून. मग स्वतःचे पैसे घालून तिने रेकॉर्ड केली, ती २००४ साली आली. पुढे शिकागोच्याच जेफ ट्वीडी या गायकाबरोबर केलेल्या २०१० च्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. त्या रेकॉर्डमधलं एक गाणं त्यांनी स्टुडिओच्या जिन्यात गायलंय. शिकागोची कडाक्याची थंडी, जिना गारठलेला, पण तिथला घुमारा हवा होता. ती आधी नाही म्हणाली, मग कोट चढवून गेली. पॉप्स जाण्याआधी एका अर्धवट ध्वनिमुद्रणाबद्दल तिला म्हणाले होते, हे हरवू नकोस. तिने ते सांभाळलं आणि २०१५ साली पुरं करून लोकांना दिलं. एकेक करून भावंडं जात राहिली. २०१८ साली इव्होनही गेली, जी वर्षानुवर्षं तिच्या मागे उभी राहून गायची. मी ऐकलं तेव्हा मागच्या दोन माइकवर घरातलं कुणी नव्हतं. तरी ती दर दोन-तीन ओळींनी मागे वळून बघत होती.

आप्पांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे एकच आहे. साठ मिनिटांची कॅसेट, येवल्याच्या कार्यक्रमाची. ती मी त्या रात्रीपर्यंत चार वर्षांत लावलेली नव्हती.

शेवटचं गाणं ते दोन कॉर्डांचं. बासच्या पहिल्या चार सुरांवरच सगळं नाट्यगृह उठलं. तिने एक ओळ टाकली आणि माइक आमच्याकडे वळवला. हजारभर माणसांचं उत्तर आलं. उजवीकडचा मुलगा डोळे मिटून गात होता. पुन्हा तिची हाक, पुन्हा उत्तर. तिचा आवाज आता जवळजवळ संपला होता, फक्त खरखर आणि लय उरली होती, आणि गाणं मात्र वाढतच चाललं होतं. कारण ते आता आमच्याकडे होतं. माझ्या तोंडून कधी उत्तर गेलं ते मला कळलं नाही. पाच महिन्यांनी गात होते. वर नाही, खाली, जिथे मी बोलते तिथेच. सूर सहज लागत होता, छातीत घुमत होता. घसा कुठे आहे हेच जाणवत नव्हतं. मी रडत होते आणि तरी आवाज फुटत नव्हता.

परत येताना गाडीत कॅसेटवरून उतरवून घेतलेलं ध्वनिमुद्रण लावलं. भाऊ मागेच पाठवून बसला होता, मी उघडलं नव्हतं. पहिलं गाणं माझं, चौदा-पंधरा वर्षांची मी, वरच्या सा वर किंचाळणारी. दुसरं आप्पांचं. घरी पोचल्यावर पेटी काढून सूर जुळवला. काळी एक.

भारतात सकाळ झाल्यावर भावाला विचारलं, आप्पांनी मला त्यांच्या पट्टीत कधी गायला दिलं का? तो म्हणाला, "एकदा घरी दिलं होतं. तू लहान होतीस. त्यांना आवडलं होतं. पण बाहेर लोक हसतील म्हणाले."

व्यायामाच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पियानोवर काळी एक वाजवली, मग तिथून मला खाली-वर फिरवलं, आणि माझ्यासाठी पांढरी एक जास्त बरी ठरली. आप्पांच्या जरा खालीच. जूनमध्ये पुन्हा नळी घातली तेव्हा एका बाजूची गाठ दिसत नव्हती, दुसरी सपाट होत आली होती.

पुढच्या एप्रिलला आमच्या इथल्या जयंतीला मी नाव दिलं. तालमीला ढोलकीवाला आला, मनमाडपासून फार लांब नसलेल्या नांदगावचा, आता इथे संगणकाचं काम करतो. पट्टी सांगितली तर म्हणाला, "ताई, एवढ्या खाली माझी ढोलकी बोलणार नाही. तुम्ही तर काळी चार गाता ना?" मी नाही म्हटलं. त्याने पाना काढला, बोल्ट सैल केले, थाप मारली, पुन्हा सैल केले. दहा मिनिटं लागली. शेवटी एक भरीव आवाज निघाला आणि तो स्वतःच त्यावर हात फिरवत बसला.

कोरसला तीन मुली होत्या, इथेच वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या. आप्पांचं गाणं त्यांना मी रोमन अक्षरांत लिहून दिलं होतं. ध्रुवपदाची वरची ओळ त्यांची, खालची माझी. कार्यक्रमात ती ओळ आली तेव्हा सवयीने माझी मान वर गेली. मी ती खाली आणली, मागे वळले, आणि मधल्या मुलीने तो वरचा सा घेतला.